काळ्या स्क्रीनची इर्जिक

मला कुणी "हे असंच करायचं असतं" म्हणालं की माझं डोकं फिरतं. आई म्हणायची, ही पोरगी सासरी नांदायला नाही, वाद घालायला जाणार. तसं माझं नांदणं बरं चाललंय. वादही चालू आहेत. त्यातला एक मी जिंकले. जिंकलेल्या वादाबद्दल बाईनं गप्प बसायचं असतं, हेही मला मान्य नाही, म्हणून लिहिते.

मी अकोले तालुक्यातली. भंडारदऱ्याच्या अंगाला आमचं भात. पावसाळा लागला की अंगावरचे कपडे दिवाळीपर्यंत धड वाळायचे नाहीत. लग्न करून आले ती मिरजगावला, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता निघून जातो. मधल्या काळात नगरला डिप्लोमा झाला होता आणि पुण्यात एका कंपनीत काही वर्षं नोकरी. तिथं मी मजकूर साफ करायचे. म्हणजे लोकांनी वेडावाकडा भरलेला मजकूर, कुठं दोनदोन स्पेस, कुठं तारीख उलटी, कुठं सगळीच अक्षरं कॅपिटल, तो सरळ करायचा. हातानं नाही. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची, एंटर मारायचा आणि अख्खी फाईल एका दमात सरळ. माऊस नाही, चित्रं नाहीत, बटणं नाहीत. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीत बसल्याबसल्या मोठ्यानं हसले होते. लग्नात माहेरहून भांडी आली, कपाट आलं, पण माझं स्वतःचं म्हणावं असं बरोबर आलं ते एवढंच.

मिरजगावात हायवेला लागून एक कृषी सेवा केंद्र आहे. त्याच्या माडीवर सरांचं डेटा एंट्रीचं सेंटर होतं. खालच्या औषधांचा उग्र वास जिन्यानं वर यायचा आणि दुपारपर्यंत डोक्यात चढायचा. सर बाहेरून टायपिंगची कामं आणायचे आणि आम्ही तिघी ती करायचो. खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत. अलीकडं आमची मशीन, पलीकडं सरांचं टेबल. सरांना आम्ही दिसायचो नाही. ते आम्हाला ऐकायचे.

थट्टा नाही, खरंच ऐकायचे. पूर्वी त्यांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. कोण मन लावून शिकतंय आणि कोण खिडकीबाहेर बघतंय, हे ते टाइपरायटरच्या खडखडाटावरून ओळखायचे. टाइपरायटर भंगारात गेले, कान तसेच राहिले. कीबोर्ड जरा थांबला की प्लायवर टकटक व्हायची. "काय हो, आवाज येईना?" मग आम्ही काहीबाही बडवायला लागायचो. आमच्यातली धाकटी तर एका हातात भाकरी असली तरी दुसऱ्या हातानं स्पेसबार हाणायची.

धाकटी म्हणजे गावातल्याच एका बागाईतदार घरची सून. बी.कॉम. झालेली. लग्नानंतर तिचं सर्टिफिकेट ट्रंकेत आणि ती गोठ्यात, असं चाललं होतं. सेंटरचं काम मिळालं तेव्हा सासूनं कशीबशी परवानगी दिली, तीही "काम हाय तवर जा, मग घर धर" या बोलीवर. तिसऱ्या काकी. छोट्या चर्चच्या मागं त्यांचं घर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. काकी सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनी. तेव्हापासून त्या सरांकडंच कामाला होत्या आणि इतक्या काळात त्यांनी सरांना उलटं उत्तर दिलं नव्हतं. सर म्हणतील ते. मला याचा राग यायचा, आणि मी तो काकींना बोलूनही दाखवायचे. त्या हसून म्हणायच्या, "तुजं रगात गरम हाय, बाई."

एक दिवस साखर कारखान्याचं काम आलं. ऊस लावलेल्या शेतकऱ्यांची नावं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. सगळं इंग्रजीत आणि सगळं कॅपिटल, जुन्या कुणीतरी कॅप्स लॉक दाबून ठेवून भरलेलं. कारखान्यानं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि त्याला प्रत्येक शब्दाचं पहिलंच अक्षर मोठं हवं होतं, बाकीची लहान. ज्याचं नाव त्या सॉफ्टवेअरात चढणार त्याच्याच शेतात तोडणीची टोळी जाणार. सरांनी फाईल तिघींत वाटली आणि हुकूम सोडला, "सगळं पहिल्यापासून टाइप करा. दिवाळीपर्यंतचं काम झालं."

मी म्हणाले, "सर, हे टाइप करायची गरज नाही. मशीन करील."

"शॉर्टकट नको," सर म्हणाले. "टायपिंग म्हणजे टायपिंग."

"पण सर, नावं तीच आहेत. फक्त अक्षरं—"

"हे असंच करायचं असतं."

झालं. डोकं फिरलं.

आमच्यातलं एक मशीन जुनं होतं. त्यावर चोरीचं विंडोज सारखं मान टाकायचं, म्हणून सरांनीच माझ्याकडून त्यात फुकटची लिनक्स टाकून घेतली होती. फुकट म्हटल्यावर सरांना तत्त्वं आठवत नसत. ते मशीन माझ्या वाट्याला होतं. एक्सेललाही हे काम येतं, मला ठाऊक आहे. पण सरांच्या मशीनवर एवढी फाईल उघडताना एक्सेल घरघर करायचं आणि तिथंच झोपायचं. मी तिघींच्या फाईली एकत्र केल्या, काळा स्क्रीन उघडला आणि लिहिलं:

tr 'A-Z' 'a-z' < naave.txt | sed 's/\<./\u&/g'

काकी आपली खुर्ची सरकवून बघायला आल्या. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं, पहिला तुकडा सगळ्या मोठ्या अक्षरांना बारीक करतो. मधली उभी रेघ म्हणजे पाईप. इकडून निघालेलं तिकडं जातं. दुसरा तुकडा प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं परत मोठं करतो. एंटर मारला. नावं स्क्रीनवरून सरसर वर गेली आणि थांबली. संपलं.

"काय संपलं?" काकी म्हणाल्या.

"काम."

"कुनाचं?"

"तिघींचं. दिवाळीपर्यंतचं."

काकींनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. मग त्या म्हणाल्या, "मराठीत बरं हाय. मोठं न्हाई का बारीक न्हाई. सगळी एका दांडीला." आणि त्या प्लायकडं बघून एकदम घाबरल्या, कारण खोलीत आवाज नव्हता. धाकटीनं लगेच दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवायला घेतला. तिच्या स्क्रीनवर नुसती के के के के उमटत होती.

पण मला तेवढ्यावर थांबवेना. हात शिवशिवत होते. फाईलमध्ये बऱ्याच ओळी तशाच्या तशा दोनदा आल्या होत्या. पुण्यात अशा जुळ्या ओळी दिसल्या की आम्ही एक ठेवून एक उडवायचो; डोळे झाकून उडवायचो. मी कमांडच्या शेवटी आणखी एक पाईप जोडला, जुळ्या उडवायचा, सगळं मिळून एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे परतपरत चालवता येईल अशा फाईलमध्ये, सेव्ह केलं आणि चालवलं. यादी छान सडपातळ झाली. धाकटी माझ्या खांद्यावरून वाकून आपल्या गावाची नावं बघत होती. बघताबघता ती थबकली.

"ताई, आमचं मामंजी एकदाच हायेत."

"मग किती वेळा पाहिजेत?"

"दोनदा! म्हंजी, एक आमचं मामंजी, तळ्यावरचं. अन् एक मळ्यातलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तर अख्ख्या गावाचं तेच. यातलं कंचं ऱ्हायलं?" आणि मग तिच्या लक्षात आलं काय झालंय ते. "अगं बया! ताई, तुमी माजा सासरा पुसला की ओ!"

काकींनी तोंडात पदर कोंबला. मीही हसले, आणि हसताहसता मूळ फाईल पुन्हा उघडली. आमच्या अकोल्याकडं वाडीवाडीला वेगळी आडनावं. इथं अख्खं गाव एका आडनावाचं, त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत; तीच दोन नावं प्रत्येक भावकीत पिढ्यान्पिढ्या खालीवर फिरत राहतात. गावात कुणाचा घोटाळा होत नाही, कारण माणूस तळ्यावरचा असतो नाहीतर मळ्यातला असतो. फाईलला तळंही ठाऊक नाही आणि मळाही. मी ज्यांना जुळ्या ओळी समजले ती दोन जिवंत माणसं होती, आणि त्यांतल्या एकाचा ऊस मी एंटर मारून उभा वाळवायला निघाले होते.

मी जुळ्या उडवायचा भाग सोडून कमांड हातानं पुन्हा चालवली. मग धाकटी आणि काकी यांनी जुळी नावं एकेक करून तपासली: ही भावकीतली दोन, ही खरंच चुकून दोनदा आलेली. धाकटीला तिच्या अंगाची गावं ठाऊक, काकींना चर्चमुळं पार कर्जतपर्यंतची. जिथं दोघींना सांगता येईना तिथं त्यांनी नवऱ्यांना, वहिन्यांना फोन लावले. जेवायची सुट्टी त्यातच गेली, पण दुपार कलायच्या आत यादी तयार होती आणि एकही सासरा कमी नव्हता.

मग आम्ही डबे उघडून शेंगदाण्याची चटणी एकमेकींना वाढत बसलो. कुणीही काही बडवलं नाही. मीच म्हटलं, बडवायचं नाही. प्लायवर टकटक झाली. पुन्हा झाली. शेवटी सर स्वतः इकडं आले.

मी यादी दाखवली. सरांना आधी वाटलं आम्ही कुणाकडून तरी कॉपी आणली. मग मी त्यांच्यासमोर कमांड चालवून दाखवली. सर चिडले की त्यांची पुण्याची भाषा गळून पडायची. "हे काय काम हाय व्हय? बोट बी हललं न्हाई तुमचं!"

इथं माझा खरा राग सांगते. बाईचं काम दिसलं नाही की ते झालंच नाही असं धरतात. घरी स्वयंपाक लवकर आटपला तर म्हणतात, आज काय फार नव्हतं वाटतं. घाम दिसला पाहिजे, खोकला आला पाहिजे, तवा वाजला पाहिजे. मी सरांना म्हणाले, "सर, बोट हललं नाही पण डोकं हललं. यादी बरोबर आहे का ते बघा. आवाज कशाला मोजता?"

सरांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मी त्यांचा चेहरा बघत होते. राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं, जे मला रागापेक्षा वाईट वाटलं. ते हिशेब करत होते.

"असं करू," ते म्हणाले, आता परत शुद्ध भाषेत. "उद्यापासून तू एकटी ये. या दोघींची आता गरज नाही."

धाकटीनं आपला डबा बंद केला. झाकण नीट बसेना, तिनं ते पुन्हापुन्हा दाबलं. मला तिच्या सासूची बोली आठवली: काम हाय तवर जा. काम आता नव्हतं, आणि ते मी संपवलं होतं. काकी नेहमीसारख्या निमूट उठल्या. त्यांनी मशीनवर कापड टाकलं, ज्या पद्धतीनं त्या टाइपरायटरवर टाकत असतील तसं, कोपरे ओढून. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही मला संताप आला.

"मग मीही येत नाही," मी म्हणाले.

"तुझी मर्जी. तुझी ती स्क्रिप्ट मशीनमध्येच आहे ना? माझा भाचा चालवील."

"चालवू द्या. पण सर, स्पष्ट सांगते, सेव्ह केलेल्या स्क्रिप्टमध्ये जुळ्या उडवायचा भाग अजून आहे. त्यात माणसं गळतात. बघणारं कुणी नसेल तर ती चालवू नका."

सरांनी हात झटकला. आम्ही तिघी जिना उतरलो. खाली युरियाच्या गोण्या टेम्पोत चढत होत्या, आणि दुकानदार आम्हाला म्हणाला, "आज लवकर सुट्टी?" आम्ही न थांबता रस्त्याला लागलो.

घरी सासूबाई ओट्यावर घेवडा मोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं ऐकून घ्यावं लागेल, चालून आलेलं काम लाथाडलं म्हणून. त्यांनी कॉम्प्युटरबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाल्या, "म्हंजी त्यानं इर्जिकीला बैल निवडून मागितलं."

इर्जिक हा शब्द मी इथंच ऐकलेला. आमच्याकडं भातलावणीला सावड असते, आज तुझं वावर, उद्या माझं. इकडं नांगरटीला इर्जिक. एकट्याच्यानं रान उरकत नसलं की वस्तीवरचे सगळे आपापली बैलजोडी, आपापला नांगर घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि एका दिवसात रान पालथं घालायचे. ज्याचं रान त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी एकानं असाच निरोप पाठवला होता, तुमची खिलारी जोडी तेवढी द्या, बाकीची नकोत. "थकल्या बैलालाबी इर्जिकीत मान असतो. त्यो हलका नांगर वढतो, पन संगं चालतो. निवडून मागितलं तसं कुनीच गेलं न्हाई. त्याचं रान तसंच पडलं." मग त्यांनी घेवड्याची शेंग मोडली आणि म्हणाल्या, "तू बरं केलं. आता पुढं काय करनार ते बग."

पुढं काय करायचं ते मला तिथंच ओट्यावर कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी माझा पुण्याचा जुना लॅपटॉप घेऊन काकींच्या घरी जायला लागले. धाकटीच्या सासूला आम्ही सांगितलं, काम चालू आहे, फक्त जागा बदलली. खोटं नव्हतं ते. शिकणं हेही कामच आहे, आणि तिच्या सासूला ते पटवायला मला जो शब्द सापडला तो मी वापरला.

काकींनी मला चकित केलं असं म्हणणार नाही. मला खात्रीच होती. कमांडला एक चिन्ह चुकलेलं चालत नाही, आणि काकींच्या बोटांना चुकायची सवयच नव्हती. त्या स्क्रीनकडं न बघता ओळ लिहायच्या आणि एंटरच्या आधी क्षणभर डोळे मिटायच्या. एकदा मी विचारलं, प्रार्थना करता का? "तुज्या मशीनवर माजा इस्वास न्हाई," त्या म्हणाल्या, "वरच्यावर हाय." धाकटीला पाईप आवडला. तिच्या घरी ठिबक होतं, त्यामुळं कुठला तुकडा कुठं जोडायचा आणि कुठं गाळणी लावायची हे तिला सांगावं लागलं नाही. ती शोधायच्या कमांडवर तर लट्टू झाली. आमच्या नावांची, देवांची, भाज्यांची फाईल करून ती त्यात काहीबाही शोधत बसायची आणि सापडलं की टाळी वाजवायची. काकींच्या दारातून जाणारे म्हणायचे, या बायकांची काय भिशी चाललीय का? मी म्हणायचे, हो, भिशीच. कुणाकुणाला सांगत बसणार?

इकडं सरांच्या भाच्यानं कारखान्याकडून आलेली पुढची गावं त्या स्क्रिप्टमधून काढली. डोळे झाकून. कारखान्यानं ती नावं सॉफ्टवेअरात चढवली आणि मग जिन्यावर माणसं यायला लागली. मला खालच्या दुकानदारानं सांगितलं. एकजण म्हणत होता, माझ्या चुलतभावाला तोडणीची चिठ्ठी आली आणि मला म्हणतात तुमचा ऊसच नाही. मी काय आभाळात लावला? दुसरा आपल्या म्हाताऱ्याला घेऊन आला होता आणि सरांच्या टेबलापुढं उभा करून म्हणाला, "हे बघा, हे हायेत. बघून घ्या." कारखान्यानं सगळं काम परत पाठवलं आणि तोडणी सुरू व्हायच्या आत दुरुस्त करून मागितलं. मला आनंद झाला का? झाला. सरांची फजिती झाली याचा झाला, आणि त्या म्हाताऱ्याला जिना चढावा लागला याचं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

एका सकाळी सर काकींच्या दारात आले. इतक्या वर्षांत ते कधी त्यांच्या घरी आले नव्हते. काकींनी गडबडीनं प्लास्टिकची खुर्ची पुसली आणि चहा टाकायला आत गेल्या. आम्ही दोघी सतरंजीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. सर खुर्चीच्या कडेवर बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "झालं ते झालं. तू ये. तुझ्याशिवाय हे निस्तरणार नाही, कबूल करतो."

"तिघी येऊ," मी म्हणाले.

"तिघींना काय काम आहे? कमांड तर तूच चालवणार."

मी समजावून सांगू शकले असते की कमांड कुणीही चालवील. तळ्यावरचा कोण आणि मळ्यातला कोण हे कमांडला कळत नाही. पण समजावायचा मला कंटाळा आला होता. गरज पटवून दिली तर ठेवतो, नाहीतर नाही, हा सौदाच मला नको होता. उद्या आणखी चांगली स्क्रिप्ट निघेल, तीही मीच लिहीन कदाचित, तेव्हा परत काय पटवत बसायचं?

"सर," मी म्हणाले, "इर्जिकीला बैल निवडून मागत नाहीत."

सर कितीही शुद्ध बोलले तरी ते याच मातीतले. त्यांच्या वडिलांच्या रानातही कधीतरी इर्जिक उतरली असणार. त्यांची मान खाली गेली आणि कान लाल झाले. काकी चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी कप घेतला, पण काकींकडं बघता येईना त्यांना. बराच वेळ ते बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "या. तिघी बी या."

आम्ही लगेच निघालो नाही. काकींनी आधी भांडी विसळली.

सेंटरवर तोच औषधांचा वास होता. मी बाकीच्या दोन मशीनवरही लिनक्स टाकली आणि तीनही स्क्रीन काळे झाले. कारखान्याची मूळ फाईल घेतली. अक्षरं बारीक करायची ओळ काकींनी लिहिली, पहिलं अक्षर उठवायची त्यांनीच लिहिली, आणि डोळे मिटून एंटर मारला. धाकटीनं जुळी नावं वेगळी काढून त्यांतला खरा कोण, चुकीचा कोण बघायला घेतलं. तिनं पहिलं काम काय केलं असेल तर आपल्या गावाच्या यादीत सासरा शोधला.

"हायेत!" ती कुजबुजली. "दोनी हायेत. तळ्यावरचं बी अन् मळ्यातलं बी."

मग आम्ही तिघी वाचत बसलो. वाचण्याला आवाज नसतो. खाली कुणीतरी टेम्पो सुरू केला, तो हायवेला लागला आणि खोली पुन्हा शांत झाली. तेवढ्यात प्लायवर टकटक झाली. सरांचाही इलाज नसावा, हाताला वळणच तसं पडलेलं.

"काय हो, आवाज येईना?"

धाकटीचा हात आपोआप स्पेसबारकडं गेला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण काकींनी धाकटीचं मनगट धरून तिचा हात खाली ठेवला, आणि प्लायकडं मानही न वळवता, पुढची ओळ वाचत म्हणाल्या,

"न्हाई यायचा आता, सर."